केळीचे भाव छापता, तसे गावागावाच्या पाण्याचे आकडेही छापा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

यावल तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावातून हे पत्र लिहितो आहे. ३३ वर्षं मी एका माध्यमिक विद्यालयात आणि त्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर होतो. परीक्षानळ्या, ब्युरेट, पिपेट धुणं, सरांनी सांगितलेल्या तीव्रतेची द्रावणं तयार ठेवणं, बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं, हे माझं काम. निवृत्तीनंतर घरची अडीच एकर केळी बघतो. आपल्या दैनिकात रोज केळीचे भाव येतात. आमच्या पारावर सकाळी सगळ्यांत आधी ती चौकट वाचली जाते, बाकीचा पेपर नंतर उघडतो. त्या चौकटीच्या शेजारी वर्षातून दोनदा तरी प्रत्येक गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे छापावेत, अशी माझी विनंती आहे. कारण सांगायला थोडी जास्त जागा लागेल, ती द्यावी.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. मी पिलबागेत ठिबकच्या नळ्या बघायला गेलो होतो. दुपारी घरी आलो तर ओसरीत सूनबाई रडवेली उभी, कडेवर वर्षाचा नातू, आणि समोर टापटीप कपड्यातला एक तरुण, पाणी शुद्ध करायच्या आरओ मशीनचा विक्रेता. पाटावर काचेचे दोन ग्लास. एका ग्लासातलं पाणी स्वच्छ. दुसऱ्यात तपकिरी, शेवाळी गाळ, वर घाण फेस, जणू गटारातून भरून आणलेलं. तो सांगत होता, ‘ताई, हा गाळ तुमच्या बोअरच्या पाण्यातला. दिसत नव्हता एवढंच. हेच तुम्ही लेकराला पाजता.’ विजेवर चालणारं एक छोटं यंत्र त्याच्यापाशी होतं. त्याला खाली धातूच्या चार सळया, दोन एका ग्लासात, दोन दुसऱ्यात. बटण दाबलं की अर्ध्या मिनिटात आमच्या पाण्याचा चिखल आणि त्याच्या मशीनच्या पाण्याला काहीच नाही. सूनबाईनं २,००० रुपये आगाऊ देऊन टाकले होते, उरलेल्या हप्त्यांच्या कागदावर सहीही केली होती.

मी ग्लास उचलून वास घेतला. ओल्या गंजाचा वास. प्रयोगशाळेत फेरस सल्फेटच्या जुन्या बाटल्या धुताना तो वास नाकात बसलेला आहे. मी त्याला म्हटलं, ‘दादा, तुझ्या चांगल्या पाण्याचा नवा ग्लास भर.’ त्यानं भरला. मी घरातून चिमूटभर मीठ आणून त्यात टाकलं, ढवळलं, आणि म्हटलं, आता दाब बटण. तो नको म्हणत होता. सूनबाईनंच दाबलं. ते मशीनचं शुद्ध पाणी आधी पिवळसर झालं, मग हिरवट, मग आमच्या पाण्यापेक्षाही दाट तपकिरी. त्यात बोअरच्या पाण्याचा एक थेंबही नव्हता, फक्त आमच्या स्वयंपाकघरातलं मीठ होतं.

यात घडतं ते असं. सळया लोखंडाच्या असतात. पाण्यातून वीज वाहिली की एका सळईचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं. आधी हिरवट दिसतं, हवेतला ऑक्सिजन लागला की तपकिरी होऊन गाळ बनतं. म्हणजे तो सगळा गाळ सळईचा. पाण्यातून वीज वाहायला मात्र विरघळलेले क्षार लागतात. आरओच्या पाण्यात ते जवळपास नसतात, म्हणून तिथे वीजही वाहत नाही आणि सळईही झिजत नाही. घरच्या बोअरमध्ये कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं, मीठ असतं, म्हणून वीज वाहते. चांगल्या झऱ्याचं पाणी ठेवलं तरी हाच चिखल दिसेल. बारावीच्या पोरांना विद्युत अपघटन शिकवायचा हा प्रयोग एका आईला घाबरवायला वापरला जातो, याचा मला त्या दिवशी फार राग आला. तो मुलगा सामान आवरून निघून गेला. हप्त्यांचा कागद मी परत घेतला, दोन हजार मात्र परत आले नाहीत. पैशांचं दुःख नाही. नंतर चौकशी केली तेव्हा आमच्याच गल्लीत याच प्रयोगावर चार मशीन विकल्या गेल्याचं कळलं, याचं दुःख आहे.

पण खरी गोष्ट इथून पुढे आहे. रात्री जेवताना सूनबाईनं विचारलं, ‘नाना, तो खोटा होता हे पटलं. मग आपलं पाणी चांगलं आहे ना?’ मला उत्तर देता आलं नाही. ३३ वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांसाठी द्रावणं बनवली, आणि माझ्या घरच्या हंड्यात काय विरघळलेलं आहे ते मला माहीत नव्हतं.

ते पाणी जड आहे, एवढं अर्थात घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते कळायला प्रयोगशाळा लागत नाही. माझी आई अमळनेरकडची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती म्हणे, ‘पानी जड शे, दाय शिजत नही.’ वरण-बट्टीचा बेत असला की आई तुरीच्या डाळीसाठी नदीतल्या झिऱ्याचं पाणी आणायला लावायची. वाळूत हातभर खड्डा करायचा, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, मग निवळ पाणी वाटीवाटीनं कळशीत भरायचं. मी लहान होतो, मला वाटायचं हा नुसता नदीवरच्या श्रद्धेचा भाग असेल. पावसाळ्यात ती पागोळ्यांखाली पितळी पातेलं ठेवायची आणि त्या पाण्यातली डाळ तर इतकी एकजीव व्हायची की रवी फिरवायची गरज पडत नसे. बोअरच्या पाण्यातली डाळ तासभर उकळली तरी तिचा दाणा बोटात टचटचीत लागतो. वर पाणी वेगळं, खाली डाळ वेगळी.

याचं कारण डाळीच्या दाण्यातच आहे. दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थानं चिकटलेल्या असतात. शिजताना ते पेक्टिन सुटतं आणि डाळ फुटते. जड पाण्यातलं कॅल्शियम जाऊन त्या पेक्टिनला धरून बसतं, दाणा उलट घट्ट होतो. आमच्याकडे बायका अशा वेळी चिमूटभर खायचा सोडा नाहीतर पापडखार टाकतात. त्यानं पाणी अल्कधर्मी होतं, पेक्टिन सैल होतं, डाळ शिजते. मात्र सोड्यानं डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून हात आवरता ठेवावा. त्यापेक्षा पाणी आधी पाच-दहा मिनिटं खळखळ उकळावं, थंड करून वरचं निवळ पाणी घ्यावं आणि त्यात डाळ भिजवावी. आमच्या घरी आता असंच करतात. उकळल्यावर पातेल्याच्या तळाला पांढरी पूड बसते. ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. पावसाचं पाणी जमिनीतून जाताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं, आणि आमच्या जमिनीत खाली जी पांढरी चुनखडी लागते ती विरघळवून घेतं. उकळलं की तो वायू उडून जातो आणि चुनखडी पुन्हा खाली बसते. पातेल्याच्या त्या पांढऱ्या थरावर लिंबाची फोड घासून बघा, बुडबुडे येतात आणि थर सुटतो. सगळा जडपणा मात्र उकळून जात नाही. सल्फेट आणि क्लोराइडच्या रूपातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम उकळलं तरी तसंच राहतं. ते धुण्याच्या सोड्यानं काढता येतं, पण ते पाणी कपड्यांपुरतंच.

शाळेच्या पुस्तकात या पाण्याला दुष्फेन म्हटलं आहे, फेस न देणारं. दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं, दोन्हींत अंगाच्या साबणाच्या पाण्याचे पाच-पाच थेंब टाकून हलवावं. पावसाच्या पाण्यावर लगेच बोटभर फेस उभा राहतो. बोअरच्या पाण्यात दह्यासारख्या पांढऱ्या कण्या फिरतात. साबण कॅल्शियमला चिकटून त्याची कणी झाली, म्हणजे तेवढा साबण वाया गेला. न्हाणीघरातल्या बादलीच्या कडेला जी चिकट रेघ धरते ती हीच. डिटर्जंटच्या पावडरीत असा साका होत नाही, म्हणून जड पाण्याच्या गावांत धुण्याचा साबण मागे पडला.

जड पाण्याची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त घातली जाते. मुतखडा जड पाण्यानं होतो असं आमच्याकडे लहान पोरही सांगेल. जागतिक आरोग्य संघटनेनं पाण्याच्या जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. मुतखडा होण्यात घाम आणि कमी पाणी पिणं यांचा वाटा मोठा असतो, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जात असताना केळी कापणारा मजूर दिवसभरात किती पाणी पितो ते कुणी विचारत नाही.

तर सूनबाईच्या प्रश्नावर मी दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटल्या घेतल्या. मोटर दहा मिनिटं चालू ठेवली, बाटल्या त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरल्या. एक बाटली घरच्या बोअरची, तो १६० फुटांचा आहे आणि केळीच्या बांधाला लागून आहे. दुसरी ग्रामपंचायतीच्या नळाची, ते पाणी नदीकडच्या विहिरीतून टाकीत येतं. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी लागते आणि ती बर्फात ठेवून लवकर पोहोचवावी लागते, हे लोकांना सांगितलेलं नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो. बाटल्या सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत दिल्या. राहवेना म्हणून थोडं पाणी जुन्या शाळेतही नेलं. सरांच्या परवानगीनं जडपणा स्वतः काढला. ५० मिलिलिटर पाणी, थोडं बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, म्हणजे रंग बदलून खूण देणारी पूड. पाणी जांभळट लाल झालं. वरून ब्युरेटमधून ०.०१ मोलरचं ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून घेणारं द्रावण, थेंबथेंब सोडत गेलो. २५ झाले, २६ झाले, लाल हटेना. २७ मिलिलिटरला एका थेंबासरशी सगळं निळं झालं. म्हणजे लिटरमागे ५४० मिलिग्रॅम जडपणा. भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती) २०० पर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं असं आहे. मला वाटलं, चला, चालवून घेण्यासारखं आहे.

आठ दिवसांनी सरकारी अहवाल आला. जडपणा ५४८, माझ्या मोजणीच्या जवळच. एकूण विरघळलेले क्षार ८६०. फ्लोराइड ०.६, मर्यादेच्या आत. क्लोराइड १४०, तेही आत. आणि नायट्रेट ६१. नायट्रेटला मानकात ४५ ही मर्यादा आहे आणि तिला सवलत नाही, दुसरा स्रोत असो वा नसो. मी तो कागद हातात धरून बराच वेळ तसाच बसलो. त्या विक्रेत्यानं गाळ दाखवला तो खोटा होता, पण आमच्या पाण्यात दोष होता. त्याच्या सळयांना तो दिसला नाही, आईच्या डाळीला कळला नाही, माझ्या ईडीटीएलाही सापडला नाही. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. तुरटी फिरवली तर गढूळपणा खाली बसतो, नायट्रेट तसंच राहतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरच्या दुधातून असं पाणी गेलं तर त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. माझा नातू त्या वयाचा असताना त्याची दुधाची पावडर याच पाण्यात कालवली जात होती. त्याला काही झालं नाही, देवाची कृपा. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि हे नायट्रेट आलं कुठून? बोअर बांधाला लागून आहे. माझ्या बागेत वर्षाला किती पोती युरिया जातो ते मी मोजलेलं आहे. युरिया बादलीत विरघळवताना बादली बाहेरून गार लागते, हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्याला आहे. विरघळताना तो उष्णता ओढून घेतो. जमिनीत गेल्यावर जिवाणू त्याचा आधी अमोनिया आणि मग नायट्रेट करतात. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, नायट्रेटवरही ऋण भार असतो, म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही. पिकानं जेवढं घेतलं तेवढं घेतलं, उरलेलं पाण्याबरोबर खाली उतरतं. आमच्या केळीपट्ट्यात बोअर आणि बाग एकाच बांधावर असतात. माझ्या बोअरमधलं नायट्रेट शेणाच्या उकिरड्याचंही असेल, शौचालयाच्या खड्ड्याचंही असेल, पण माझ्या पोत्याचा त्यात वाटा नाही असं मी म्हणू शकत नाही. या वर्षी मी युरियाचे हप्ते लहान करून वाढवले, एकदम जास्त सोडणं बंद केलं.

ठिबकवाल्यांसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो. जड पाण्यानं ड्रिपरची तोंडं बुजतात म्हणून आपण ॲसिड सोडतो, आणि शेवाळासाठी क्लोरीनची पावडर सोडतो. हे दोन्ही एका टाकीत, एका वेळी, कधीही करू नये. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोटरघरात तो माणसाचा जीव घेऊ शकतो. संडास साफ करण्याच्या ॲसिडचं आणि ब्लिचिंग पावडरचंही तेच आहे. ॲसिड नेहमी पाण्यात ओतावं, पाणी ॲसिडमध्ये ओतू नये. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० हे फॉस्फेटचं खत एका बॅरलमध्ये टाकलं की पांढरा साका होऊन सगळी लाईन बुजते, आणि तो माणूस मग खताच्या कंपनीला दोष देतो. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की न विरघळणारा पदार्थ होणारच. दोन्ही खतं सोडायचे दिवस वेगळे ठेवावेत.

आता टीडीएस, म्हणजे एकूण विरघळलेले क्षार, दाखवणाऱ्या पेनाविषयी. आज प्रत्येक पाणीवाल्याच्या खिशात तो असतो. पाण्यात बुडवायचा, आकडा दाखवायचा, आणि पाणी चांगलं की वाईट ते सांगून मोकळं व्हायचं. तो पेन पाण्यातून वीज किती वाहते तेवढं मोजतो आणि त्यावरून अंदाजानं क्षारांचा आकडा दाखवतो. मी घरी तिन्ही पोरांसमोर, म्हणजे पुतण्याच्या दोन मुली आणि शेजारचा एक, हे करून दाखवलं. एका ग्लासात पेनाचा आकडा बघितला, मग दोन चमचे साखर विरघळवली. आकडा जवळपास तिथेच. दुसऱ्या ग्लासात युरियाची चिमूट टाकली. तरी तिथेच. साखर आणि युरिया विरघळतात पण त्यांचे आयन होत नाहीत, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून पेनाला ते दिसत नाहीत. जंतू दिसत नाहीत, कीटकनाशक दिसत नाही. नायट्रेटनं आकडा थोडा वाढतो, पण आकडा वाढला तो नायट्रेटनं की साध्या चुनखडीनं, हे पेन सांगत नाही. शेवटी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ टाकून पेन बुडवला. आकडा हजारांत गेला, पेनाच्या हिशेबानं पिण्यास अयोग्य. जुलाबानं कोरडं पडलेलं लेकरू याच पाण्यानं वाचतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. आतड्यात ग्लुकोज आत जाताना सोडियमला सोबत घेऊन जातं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. पुतण्याची थोरली मुलगी म्हणाली, ‘मग हा पेन कशाला असतो?’ मी तिला सांगितलं, त्याच विहिरीचं पाणी महिन्या-महिन्याला मोजून बदल झाला का ते बघायला तो चांगला आहे.

मी आरओच्या विरोधात लिहीत नाही. नायट्रेट, फ्लोराइड, जास्तीचं मीठ काढायला ते यंत्र उपयोगी आहे, आणि ज्याच्या अहवालात तसं काही निघालं आणि दुसरा स्रोत नाही, त्यानं ते जरूर घ्यावं. पण घरगुती यंत्रात एक लिटर पाणी मिळवायला दोन-तीन लिटर वाहून जातं, आणि आमच्या यावल-रावेरमध्ये पाण्याची पातळी किती खाली गेली आहे ते बोअर करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१९ मध्ये, जिथे टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओला मनाई करावी, असे निर्देश केंद्र सरकारला दिले होते. ग्रामपंचायतीच्या नळाचा माझा अहवाल असा आला: टीडीएस ४१०, जडपणा २६०, नायट्रेट १८. म्हणजे पिण्याचं चांगलं पाणी आमच्या दारात नळाला येत होतं आणि आम्ही ते वासामुळे धुण्याभांड्याला वापरत होतो.

तो वास टीसीएल पावडरचा, म्हणजे ब्लिचिंग पावडरचा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती टाकीत टाकतो, आणि नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावं असं मानक आहे. ओटीचे (ऑर्थोटोलिडिन या तपासणीच्या द्रावणाचे) थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. हे शिल्लक क्लोरीन म्हणजे पाण्याबरोबर घरापर्यंत आलेला राखणदार. जारच्या पाण्यात तो नसतो, प्लांटच्या फिल्टरमध्येच निघून जातो. जार धुतला कसा, भरणाऱ्याचे हात कसे, यावर पुढचं सगळं अवलंबून. लग्नाच्या पंगतीत थंडगार जार दिसला की लोक निर्धास्त होतात, मला तिथे टाकीचं पाणी जास्त भरवशाचं वाटतं. पाणी माठात काही तास उघडं ठेवलं की क्लोरीनचा वास बराच उतरतो. पावडरीचं पोतं मात्र उघडं आणि ओलीत ठेवलं तर तिची ताकद उडून जाते आणि टाकीत नुसता चुना पडतो. आमच्या तालुक्यात हे पोतं कुठे ठेवलेलं असतं ते प्रत्येकानं आपापल्या गावात जाऊन बघावं.

आमच्या घरी आता पिण्याला आणि डाळीला नळाचं पाणी, बाकी सगळ्याला बोअरचं. एक रुपयाचं यंत्र लागलं नाही. हा निर्णय दोन कागदांवरच्या आकड्यांनी झाला. ते आकडे मिळवायला मला अर्धा दिवस आणि एसटीचं भाडं लागलं, आणि ३३ वर्षांच्या नोकरीमुळे काय मागायचं ते माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्यानं काय करावं? जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं, त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायच्या पेटीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. स्रोतांचे नमुने प्रयोगशाळेत जातात, अहवालही येतात. हे सगळं होतं, फक्त आकडा लोकांपर्यंत येत नाही. तो फायलीत राहतो. मग ओसरीत सळया घेऊन आलेला पोरगा जे दाखवेल ते खरं वाटतं.

म्हणून तीन गोष्टी मागतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी लागते, तिच्या शेजारी प्रत्येक स्रोताचे सात आकडे तारखेसह लावावेत: आम्लता, एकूण क्षार, जडपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, आणि जंतू आहेत की नाहीत. ज्या गावात तपासणीची पेटी कपाटात कुलूपबंद आहे तिथे ती त्या पाच महिलांच्या हातात द्यावी. आणि आपण, संपादक महोदय, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, तालुकावार हे आकडे छापावेत. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांचे. केळीच्या भावाइतकीच जागा पुरेल. भाव चुकला तर व्यापाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करणारे शेतकरी इथे आहेत; पाण्याचा आकडा चुकला तरी ते फोन करतील.

सूनबाई आता गावच्या त्या पाच जणींत आहे. मागच्या आठवड्यात तिनं आमच्या गल्लीतल्या सहा बोअरचं पाणी पेटीतल्या नळ्यांत तपासलं. नायट्रेटच्या नळीत रंग गुलाबी येतो, जितकं जास्त तितका गडद. दोन नळ्या आमच्या बोअरपेक्षा गडद निघाल्या. त्यातल्या एका घरात पाच महिन्यांचं बाळ आहे. त्या घरी आता वरच्या दुधाला नळाचं पाणी वापरतात. आमच्या बोअरच्या भिंतीवर मी ऑइलपेंटनं आकडे लिहिले आहेत, खाली पुढच्या तपासणीचा महिना लिहिला आहे.

दोन्ही अहवालांच्या झेरॉक्स प्रती सोबत जोडल्या आहेत. त्यावरचं नाव आणि गट नंबर झाकून आकडे तेवढे छापायला माझी हरकत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर,
ता. यावल, जि. जळगाव